फ्रिजवरचा कागद

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलून होत नाही. बाबा दोन वाक्यं ऐकतात, "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि फोन सरकवतात. आई स्पीकर लावून मेथी निवडत बसते. आणि समोर आले की तुम्ही दोघं एका पक्षाचे. म्हणून मुलुंडहून दादरला चक्क पत्र. बाबा, तुम्ही विजेची बिलंसुद्धा तारखेवार फाइलला लावता, तेव्हा हे निदान दोनदा तरी वाचाल.

विषय फ्रिजवरच्या कागदाचा आहे. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी एक भाकरी आणि काकडी, रात्री दुधीचं सूप. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, मासे फक्त रविवारी आणि तेही "एकच तुकडी". कोणाच्या ग्रुपवरून तो आला ते मी विचारत नाही. बाबांचं वजन उतरलं हेही खरं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. पण रविवारी मी आले तेव्हा दिवाणावरून उठताना बाबांनी टीपॉयला हात टेकला, मग गुडघ्याला, मग उठले. गणपतीत हेच बाबा पाट उचलून माळ्यावर ठेवत होते. आणि सकाळी फिरायला गेल्यावर उद्यान गणेशाच्या देवळाजवळ हात थरथरले, दरदरून घाम फुटला आणि कट्ट्यावर बसावं लागलं, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. आईचं म्हणणं, "वजन कमी होताना अशक्तपणा यायचाच." नाही गं, तो अशक्तपणा नव्हता.

बाबा, तुमच्या शुगरच्या दोन गोळ्यांपैकी एक ग्लिमेपिराइड आहे. ती पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. रात्री नुसतं सूप, सकाळी जिऱ्याचं पाणी, त्यावर ही गोळी आणि वर पार्कच्या फेऱ्या, मग साखर ७० च्या खाली न जाईल तर काय? थरथर, घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याचीच लक्षणं. तसं पुन्हा झालं तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघायचं, आणि मग नीट काहीतरी खायचं. साखर बंद आहे म्हणून तेव्हा मागेपुढे बघायचं नाही. खिशात दोन लिमलेटच्या गोळ्या कायम असू देत. वजन उतरू लागलं की पुष्कळदा या औषधाचा डोसही कमी करावा लागतो. तो डॉक्टर करतील, आपण नाही. मी मंगळवारी संध्याकाळची वेळ घेऊन ठेवली आहे. तोपर्यंत गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे.

वजन कमी करायचंच नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले ते बरोबरच आहे. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, आणि आपल्या इमारतीला लिफ्ट नाही. पण ८२ किलोंच्या माणसाचे चार किलो कमी झाले तरी शुगर आणि बीपीवर फरक दिसायला लागतो. चार किलो, बाबा. पंधरा नव्हेत. तुम्हाला लग्नातल्या फोटोतल्यासारखं दिसायचं नाहीये, दोन जिने न थांबता चढायचे आहेत. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ.

शिवाय बहात्तराव्या वर्षी उपाशी राहून वजन घटवलं तर चरबीबरोबर अंगातलं मांसही जातं, आणि या वयात ते परत भरायला फार कष्ट पडतात. टीपॉयला हात टेकावा लागला तो त्यामुळेच, असं मला वाटतं. काटा खाली आला म्हणून आपण खूश, आणि मांड्या मात्र काटकुळ्या.

तर आई, तो कागद काढ. त्याच्या जागी दुसरा कागद लावायचा नाही. घरात जे शिजतं तेच शिजू दे, फक्त चार-दोन ठिकाणी हात आवर.

पहिलं ठिकाण तेल. "आपल्याकडे तळण होतच नाही" हे तू म्हणशीलच. पण तूच म्हणालीस की तीन लिटर तेल महिन्याला संपतं, तेही दोघांत. म्हणजे माणशी रोज ५० मिली, जवळजवळ ४०० कॅलरी. फोडणी करताना तू भांडं तिरकं करतेस आणि बाहेरून कोणी हाक मारली की ते तसंच तिरकं राहतं, हे मी लहानपणापासून बघतेय. चमच्याने मोजून घाल आणि महिन्याला दोन लिटरांत भागव. एकही पदार्थ न बदलता माणशी रोजच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी कमी होतील. कागदावरच्या हिशेबाने महिन्याला अर्धा किलो. शरीर इतका सरळ हिशेब पाळत नाही, पण दिशा तीच. बांगडे रव्यात घोळवून तळण्याऐवजी तिरफळं घालून तिखलं कर. बाबांना तसंही तेच जास्त आवडतं, तुला वाईट वाटू नये म्हणून ते बोलत नाहीत.

दुसरं ठिकाण पाच वाजताचा चहा. चहा बिनसाखरेचा, आणि शेजारी बशीत खारी, टोस्ट, नाहीतर पातळ पोह्यांचा चिवडा. भातावर सगळ्यांचा राग, आणि खारी मात्र "हलकी" म्हणून सुटते! ती हलकी लागते ते पदर सुटलेले असतात म्हणून. आत मैदा आणि वनस्पती तूपच असतं. त्या वेळेला भूक खरी असते, ती मारू नका. भाजलेले चणे-फुटाणे, उकडलेलं अंडं, वाटीभर दही, मटकीची उसळ उरली असेल तर तीच. चिवडा डब्यातून थेट खायचा नाही, वाटीत काढून घ्यायचा. डब्याला तळ दिसेपर्यंत हात थांबत नाही, हा आपल्या घराण्याचा गुण आहे.

आणि खरं सांगू का, भाताने काय घोडं मारलंय? मालवणी माणसाला भात बंद केला की तो तीन आठवडे सोसतो आणि चौथ्या आठवड्यात लग्नाच्या पंगतीत सगळी भरपाई करतो. भात राहू दे. एक वाटी, मोठी मूद नको. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी वाढ, त्यावर मासा किंवा उसळ, आणि भात शेवटी. या क्रमाने जेवलं की भाताला पोटात जागाही कमी उरते आणि जेवणानंतरची साखरही तितकी चढत नाही.

मासा रविवारीच का, तेही एकच तुकडी का, हे मला समजलं नाही. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी प्रौढांसाठी ठरवलेलं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांचं आहे. बाबांसाठी ते ६५-७० ग्रॅम होतं, आणि वयस्कर माणसांना याहून थोडं जास्तच हवं, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. त्या कागदाप्रमाणे पोटात जातात ती त्याच्या निम्मी तरी असतील का? अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. सिटीलाइटच्या बाजारात पापलेट-सुरमईचे भाव विचारून मागे फिरू नकोस, बांगड्यात काही कमी नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार तुझे वार सांभाळ, त्या दिवशी उसळ, दही, पनीर. फक्त बाबांच्या किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून एकदा विचारू, मग वाढवू.

आता आई, तुझ्याबद्दल. पथ्य बाबांचं आणि पोट दोघांचं, म्हणून तुला सुटका नाही. भांडी घासायला टाकण्याआधी तू ओट्यापाशी उभी राहून कढईतली भाजी पुसून खातेस, पातेल्याच्या कडेचा भात खरवडून खातेस, आणि वर म्हणतेस, "मी कुठे काय खाते?" वाया घालवायचं नाही, मान्य. मग एक वाटी कमी कर, किंवा फ्रिजमध्ये टाक. तुझं पोट म्हणजे उरलेलं ठेवायचा डबा नव्हे. आणि उपवास! एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते काय उगाच? साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, वर तूप, दुपारी पुन्हा बटाट्याचा कीस. उपवास सोडायला मी सांगत नाही, ती तुझी श्रद्धा आहे. वरीचे तांदूळ थोडे, दाण्याची आमटी, ताक, एखादं फळ, एवढ्यावर तो होतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघून रात्री नऊ-साडेनऊला भरपेट जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, यापेक्षा संध्याकाळी ताकभर-फळभर घे आणि नंतरचं जेवण आटोपशीर ठेव.

दीक्षित की दिवेकर, हा वादही आपल्याकडे आता कट्ट्यावर गेलाय म्हणे. दोन वेळाच पंचावन्न मिनिटांत जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? दोन्ही पंथांतली बारीक झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन्हींतून पळालेलीही. ज्याला जे वर्षभर झेपतं ते त्याचं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळांशी खेळू नये, एवढंच माझं म्हणणं.

चालण्याबद्दल. शिवाजी पार्कची बाहेरची फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी आहे. बाबा, तुम्ही एक फेरी मारता आणि तासभर कट्ट्यावर बसता. कट्टा सोडू नका, तो औषधच आहे. दोन फेऱ्या मारा आणि मग बसा. इतकं जलद चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं व्हावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; रोजची पंचवीस मिनिटं धरली तरी भागतं. आता रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि येताना गाडीवरचा वडापाव "अर्धाच" खाऊ नका. अर्ध्याचा उरलेला अर्धा कोण खातो ते मला माहीत आहे.

रात्री जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर न बसता दहा-पंधरा मिनिटं गॅलरीतल्या सामाईक व्हरांड्यात दोघं फेऱ्या मारा. जेवणानंतरची साखर उतरायला याचा चांगला उपयोग होतो, आणि पावसाळ्यात पार्कात चिखल झाला की व्हरांडा आहेच.

पण नुसतं चालून मांड्यांत ताकद येणार नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, तिची पाठ भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी करून उठा आणि बसा. बसताना धपकन नाही, सावकाश. पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं तरी चालेल. हात टेकावे लागले तर टेका, हळूहळू सोडा. आई, कुकरच्या शिट्ट्या मोजत तू ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं केलंत तरी जिना तुम्हाला स्वतःच सांगेल. समर्थ व्यायाम मंदिराजवळून जाताना मल्लखांबावरची पोरं बघत उभे राहता ना बाबा? तसं काही करायला मी सांगत नाहीये.

वजन रोज करू नका. कधी मीठ जास्त झालं, कधी पोट साफ झालं नाही, काटा किलोभर इकडेतिकडे होतोच, आणि मग दिवसभर घरात सुतक. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट रिकामं असताना पुरे. त्यापेक्षा आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा आणि बेंबीच्या रेषेत पोट मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. तुम्ही दोघंही तिच्या पुढे आहात. घाबरू नका, निम्मी मुंबई पुढे आहे. पोट कमी होत असेल आणि खुर्चीतून उठणं सोपं होत असेल, तर आपलं बरोबर चाललंय. आणि खाणं नीट असूनही वजन आपोआप उतरत राहिलं, तर खूश न होता लगेच दाखवायचं.

गौरी-गणपतीला मोदक होतील तेव्हा बाबांनी दोन खावेत, वर तूप घेऊन. त्यावरून घरात कोणी तोंड वाकडं करायचं नाही.

मंगळवारी साडेपाचला मी थेट दवाखान्यात येते. गोळ्यांची पाकिटं, मागचे रिपोर्ट आणि बोट टोचायचं मशीन पिशवीत घाला. थरथर कोणत्या वेळी झाली आणि आदल्या रात्री काय खाल्लं होतं, ते बाबांनी एका चिठ्ठीवर लिहून आणावं. डॉक्टरांसमोर "काही नाही, जरा गरगरलं" असं म्हणू नये.

तुमची,
मनू

ता. क. वजनकाटा बाथरूमच्या दाराशी ठेवता तिथली एक लादी खचली आहे. काटा डगमगतो आणि दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. तो हॉलमध्ये, खिडकीखाली ठेवा.