मॅप पॉकेटमधला नकाशा गेला, फोनला मात्र जागा मिळाली नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न.

विषय : मोटारीच्या दारात फोन ठेवण्याची व चार्ज करण्याची स्वतंत्र सोय

महोदय,

भोसरीतील एका टूल रूममध्ये मी २८ वर्षे प्लास्टिकच्या भागांचे साचे बनवण्याचे काम केले. त्यातली बरीच वर्षे मोटारीच्या दाराला आतून बसणाऱ्या पॅनेलच्या, म्हणजे कारखान्यात ज्याला डोअर ट्रिम म्हणतात त्याच्या, साच्यांवर गेली. या पॅनेलच्या तळाशी जो लांबट कप्पा असतो त्याला आराखड्यावर ‘मॅप पॉकेट’ असे लिहिलेले असायचे. रस्त्यांचा घडीचा नकाशा तिथे मावावा, ही त्यामागची मूळ कल्पना. पुढे त्याच कप्प्यात बाटलीसाठी गोल खोबण आली आणि एक लिटरची बाटली मावते हे गाड्यांच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापले जाऊ लागले. आता नकाशा कागदावरून फोनमध्ये गेला आहे, गाडीत बसणाऱ्या जवळपास प्रत्येकाजवळ एक तरी फोन असतो, तरीही दाराच्या रचनेत फोनचा विचार अजून बाटलीच्या मागेच राहिला आहे. देशातील मोटार उद्योगाचा मोठा भाग पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यात आहे आणि ही दारे घडवणाऱ्यांपैकी अनेक जण आपले वाचक आहेत, म्हणून हा विषय आपल्या पत्रातून मांडत आहे.

गेल्या जुलैत आम्ही ताम्हिणी घाटाने महाडला निघालो होतो. घाटात धो धो पाऊस होता. चहासाठी उतरून पुन्हा बसताना सुनेने ओली छत्री मागच्या दाराच्या कप्प्यात ठेवली. तिचा फोन आधीपासून त्याच कप्प्यात होता, हे घाईत कुणाच्याच लक्षात आले नाही. माणगावला पोहोचलो तेव्हा कप्प्याच्या तळाशी पाणी साचलेले होते आणि फोन त्यात उभा होता. फोन वाचला, पण चार्जिंगच्या तोंडात ओल असल्याची सूचना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हटली नाही, आणि परक्या गावात तो दिवस फोनविना काढावा लागला. दाराच्या पत्र्याच्या पोकळीत काचेच्या कडेने पाणी शिरणारच, हे गृहीत धरून प्रत्येक दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. आतल्या कप्प्यालाही पाणी लागणार, हे मात्र गृहीत धरले जात नाही. आपल्याकडे वर्षातले चार महिने दाराचा कप्पा ही ओल्या छत्रीची, ओल्या फडक्याची आणि बाहेरून थेंब धरलेल्या बाटलीची जागा असते. तिथे फोन ठेवायला सांगणे म्हणजे मोरीत पुस्तक ठेवायला सांगण्यासारखे आहे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की फोनची जागा दारात द्यायची असेल तर ती खालच्या कप्प्याहून वेगळी, त्याच्या वर आणि कोरडी असली पाहिजे. आज लोकांनी आपल्यापुरती अशी एक जागा शोधून काढलेली आहे. दार ओढून लावण्यासाठी हाताच्या टेकूत जी खोलगट वाटी असते, तीत फोन आडवा ठेवण्याची सवय मी कित्येकांना लागलेली पाहतो. ही वाटी चार बोटे आत जावीत एवढ्यासाठीच बनवलेली असते आणि तिची कड फोन अडवण्याइतकी उंच नसते. जोरात ब्रेक लागला की फोन घसरून पुढे पायाशी जातो, आणि चालकाच्या बाजूला हे घडले तर तो ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकतो. नाहीच घसरला तर दार उघडताना रस्त्यावर पडतो. आपल्याकडे चालकाचे दार उजवीकडे, म्हणजे वाहत्या रहदारीच्या बाजूला उघडते, त्यामुळे पडलेला फोन उचलायला वाकणारा माणूस मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत वाकतो. अशा ठिकाणी फोन ठेवणाऱ्याला निष्काळजी म्हणून मोकळे होण्यापेक्षा त्याला दुसरी जागा दिली का, हे आधी पाहायला हवे.

भाड्याच्या गाड्यांमधील चित्र तर रोजचे आहे. मागे बसलेला प्रवासी “दादा, जरा चार्जिंगला लावता का?” असे म्हणत फोन पुढे देतो, चालक एक हात मागे करून तो घेतो, पुढच्या एकुलत्या एक सॉकेटमध्ये केबल खुपसतो आणि फोन हँडब्रेकजवळ ठेवतो. उतरताना तो तिथेच राहतो. स्वस्त गाड्यांच्या मागच्या दारांना कित्येकदा कप्पाच नसतो, मग चार्जिंगची गोष्ट दूरच. माझ्या मते ही सोय पहिल्यांदा मागच्या दारांना मिळायला हवी, कारण प्रवाशाची गरज तिथे भागली तर चालकाचे लक्ष विचलित होण्याचे एक कारण कमी होईल.

चालकाच्या दाराबाबत हेतू वेगळा आहे. तिथे फोन हाताशी असण्यापेक्षा नजरेआड असणे महत्त्वाचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक चालवणे ठरते आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने फक्त रस्ता शोधण्यासाठी, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, फोन वापरण्याची मुभा दिली. ती योग्यच आहे. मात्र आता बऱ्याच गाड्यांमध्ये अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोन गाडीच्या पडद्याशी जोडणारी सोय, बिनतारी चालते, नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसतो आणि फोन डोळ्यांसमोर टांगण्याची गरज उरत नाही. अशा वेळी फोनची बॅटरी वेगाने उतरते, म्हणून त्याला चार्जिंगसह एक बंदिस्त घर हवे. निघण्यापूर्वी फोन त्या घरात जावा आणि मुक्कामी पोहोचल्यावरच बाहेर यावा, असे घर.

हे घर दारात नेमके कुठे असावे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे सौंदर्यदृष्टीपेक्षा शरीरशास्त्र मोठे आहे. बाजूने धडक बसते तेव्हा दार आत ढकलले जाते आणि डोअर ट्रिम थेट प्रवाशाच्या बरगड्यांवर व कमरेवर येते. त्यामुळे त्या पट्ट्यात कठीण, टोकदार किंवा जाड वस्तू असू नये, याची काळजी रचनाकार घेतात आणि काही गाड्यांत तिथे मुद्दाम फोमचे ठोकळे बसवलेले असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचण्यांमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या धडक-चाचण्यांमध्ये, गाडीला बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक दिली जाते. चाचणीच्या त्या गाडीत दाराच्या कप्प्यात कुणाचा फोन नसतो. आपल्या गाडीत मात्र काच आणि धातूचा सुमारे २०० ग्रॅमचा तुकडा असतो. शिवाय आसनाच्या कडेतून फुगणारी एअरबॅग दार आणि शरीर यांच्या मधल्या फटीत उघडते, तीही जागा मोकळी राहिली पाहिजे. म्हणून फोनचा खण कमरेच्या रेषेत अजिबात नको. तो दाराच्या पुढच्या भागात, गुडघ्याच्याही पुढे असावा. मागच्या दारातही हाच नियम लागू पडतो, कारण तिथेही प्रवाशाची कंबर दाराच्या मागच्या टोकाकडे आणि गुडघे पुढच्या टोकाकडे येतात. पुढच्या भागात बहुधा स्पीकर असतो. त्याच्या चुंबकाला चिकटून फोन ठेवला तर फोनमधील होकायंत्र चुकीची दिशा दाखवू लागते, म्हणून दोहोंत पुरेसे अंतर हवे.

खणाचा आकार ठरवताना दाराच्या हालचालीचा विचार करावा लागतो. डॅशबोर्ड स्थिर असतो, दार झुलते आणि आपटते. दार जोरात लावले की चौकटीला थडकून ते एकदम थांबते, पण आतली वस्तू त्याच वेगाने पुढे, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला, उडू पाहते. म्हणून खणाची प्रवाशाकडील भिंत सर्वांत उंच आणि मऊ अस्तराची हवी. उलट दार पूर्ण उघडून थांबते तेव्हा वस्तू बाहेर आणि बिजागरीपासून दूर फेकली जाते, म्हणून मागची कडही बंद हवी. हल्लीचे बहुतेक फोन १६ ते १७ सेंटिमीटर लांब आणि साडेसात-आठ सेंटिमीटर रुंद असतात, त्यावर जाड कव्हर चढते. सुमारे ९ सेंटिमीटर रुंद आणि ११ सेंटिमीटर खोल असा उभा खण दिला तर फोनचा दोन-तृतीयांश भाग आत राहील आणि वरचा भाग दोन बोटांनी धरून काढता येईल.

साचा बनवणाऱ्याला यात एक अडचण दिसते, ती मी लपवणार नाही. साच्यातून भाग सुटावा म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला थोडा उतार द्यावा लागतो आणि चामड्यासारखी नक्षी असलेल्या पृष्ठभागाला तो आणखी वाढवावा लागतो. त्यामुळे अरुंद, खोल खण मुख्य पॅनेलमध्येच ओतायला गेलो तर त्याचे तोंड पसरट होते आणि आतला फोन खडखडतो. घाटातल्या वळणांवर ती खडखड तासभर ऐकणे किती त्रासाचे असते, हे सांगायला नको. यावर माझ्या अनुभवातला मार्ग असा की हा खण वेगळा ओतून पॅनेलला क्लिपने बसवावा आणि त्याच्या आत रबरासारख्या मऊ प्लास्टिकची जीभ द्यावी, जी बारीक व जाड दोन्ही फोनांना दाबून धरेल. मुख्य पॅनेलच्या महागड्या साच्याला हात लागत नाही, ज्या गाडीत सोय द्यायची नाही तिथे साधे झाकण बसते, आणि पाच वर्षांनी फोनचा आकार बदलला तर फक्त तेवढा छोटा साचा बदलावा लागतो.

चार्जिंगसाठी दारात बिनतारी तबकडीपेक्षा केबल बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनतारी चार्जिंगला फोनची आणि तबकडीची वेटोळी समोरासमोर, अगदी जवळ असावी लागतात. उभ्या पृष्ठभागावर ती तशी राहायला चुंबक हवे, हादऱ्यांनी फोन जरासा सरकला तरी वीज वाया जाते आणि ती उष्णतेच्या रूपाने फोनलाच तापवते. मध्ये एखादे नाणे आले तर तेही तापू शकते. त्याउलट यूएसबी-सी हे जोडणीचे तोंड आता जवळपास सर्व नव्या फोनना असते. ३० वॅटच्या चार्जरला १२ व्होल्टवर अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि दारातली काच वर-खाली करणारी मोटर त्याहून कितीतरी जास्त प्रवाह घेते. दार ज्याला टांगलेले असते त्या गाडीच्या खांबातून दारात जाणाऱ्या रबरी नळीतून आरसा, कुलूप, काच आणि स्पीकर यांच्या तारा आधीच जात असतात, त्यात आणखी एक जोडी सामावणे अवघड नाही. दार उघडता-मिटताना या तारा हजारो वेळा वाकतात, तेव्हा त्या चांगल्या प्रतीच्या असाव्यात, एवढे पथ्य पाळावे. जोडणीचे तोंड खणाच्या तळाशी नको, कारण तिथे धूळ साचते. ते खणाच्या वरच्या बाजूला, खाली तोंड करून आणि झाकणासह असावे. केबल वीतभरच असावी आणि ती गुंडाळायला तिथेच खाच असावी. लोंबणारी लांब केबल दाराच्या फटीत सापडून चेपते, आणि आतली तार तुटलेली बाहेरून दिसतही नाही.

उन्हाचा प्रश्न उरतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बंद उभ्या गाडीच्या आतले तापमान लिथियम-आयन बॅटरीला सोसणाऱ्या मर्यादेपलीकडे सहज जाते. साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर ही बॅटरी चार्ज करू नये असे मानले जाते. खण काचेच्या कडेपासून खाली, सावलीत असावा आणि इग्निशन बंद होताच त्याचा पुरवठाही बंद व्हावा. तरीही बंद गाडीत फोन ठेवून जाऊ नये, यासाठी गाडी बंद केल्यावर खणात फोन असल्यास एक लहानशी घंटी वाजावी. दिवे चालू राहिल्याची घंटी गाड्यांमध्ये वर्षानुवर्षे आहे, तेच तंत्र इथे वापरता येईल.

यात कोणताही भाग नवा शोधावा लागणार नाही. वाहनांची मानके ठरवणाऱ्या समितीचे कामकाज पुण्याच्याच एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून चालते. दारातील फोनच्या जागेसाठी किमान मार्गदर्शक निकष, म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासूनचे अंतर, कडांची गोलाई, पाण्याचा निचरा आणि पुरवठा बंद होण्याची व्यवस्था, या समितीने चर्चेला घ्यावेत, अशी माझी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. गाडी घ्यायला जाणाऱ्या वाचकांनाही एक सुचवावेसे वाटते. विक्रेत्याच्या दालनात मायलेज आणि पडद्याचा आकार विचारून झाल्यावर आपला फोन मागच्या दारात ठेवून पाहावा, दार दहा वेळा नेहमीच्या जोराने लावावे आणि उघडावे, आणि फोन कुठे सापडतो ते विक्रेत्याला दाखवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त साचा-अभियंता,
भोसरी, पुणे