बाबांची जुनी कूप आणि आईचे गुडघे

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेले सगळ्या गाड्यांचे फोटो आणि जाहिराती नीट बघितल्या, आणि आई, तू त्याखाली जी एकच ओळ लिहिलीस, "ह्यांना काहीतरी सांग", तीही वाचली. तर सांगतेय, पण घेऊ नका असं सांगणार नाहीये हे आधीच क्लिअर करते. आयुष्यभर बाबांनी समजूतदार गाड्या चालवल्या, आता एक लांब बॉनेटची, दोन दारांची (म्हणजे कूप), शांतपणे शेकडो किलोमीटर खाऊन टाकणारी गाडी हवी असेल तर हवी असू दे. फक्त ती कशी बघायची यावर माझं थोडं ऐका.

बाबा, तुमचा मेन मुद्दा आहे की नवी असताना जी गाडी आपण शोरूमच्या काचेबाहेरूनच बघितली असती ती आता साध्या फॅमिली कारच्या किमतीत मिळतेय. खरंय. पण उतरलीय ती गाडीची किंमत, तिच्या पार्ट्सची नाही, आणि मजुरीची तर अजिबातच नाही. तुमच्या लिस्टमधली बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी घ्या, २००३ ला आलेलं मॉडेल, सहा लिटरचं डब्ल्यू१२ (१२ सिलिंडरचं) इंजिन, वर दोन टर्बो, वजन जवळजवळ २,४०० किलो आणि एअर सस्पेन्शन (स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे). ते इंजिन पुढे इतकं ठासून बसवलंय की बऱ्याच कामांना ते अख्खं बाहेर काढावं लागतं, म्हणजे खराब झालेला पाइप असतो छोटासा आणि बिल येतं इंजिन उतरवण्याचं. अशी गाडी स्वस्तात मिळतेय याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की आधीच्या मालकाला पुढचं बिल दिसायला लागलंय. म्हणून पैसे दोन भागात धरा, एक गाडीचा आणि एक पहिल्या वर्षाच्या कामांचा, आणि हा दुसरा भाग निदान गाडीच्या किमतीच्या पाव तरी असू द्या. तो बाजूला काढल्यावर जी गाडी बसत नाही ती आपली नाही, कितीही चमकत असली तरी.

आता आई, हे तुझ्यासाठी, कारण गाडीबद्दल प्रेम नसलेला माणूसच हे काम नीट करतो. विकणाऱ्याकडून सगळी बिलं मागायची. सर्व्हिस बुकात नुसते शिक्के असतात, बिलात काय बदललं ते असतं. तारखेप्रमाणे लाव आणि प्रत्येक बिलावरचं किलोमीटर रीडिंग बघ, ते कुठे मागे गेलं तर विषय संपला. मग बघ मध्ये काही वर्षं कोरी आहेत का. लोक "खूप कमी चाललीय" हे कौतुकाने सांगतात पण उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खर्चात टाकते, सील सुकतात, टाकीत पेट्रोल खराब होतं, ब्रेक कॅलिपर जाम होतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं (ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो). दरवर्षी थोडी चाललेली आणि दरवर्षी थोडे पैसे खाल्लेली गाडी मला कधीही चालेल. आणि टायरवरची नक्षी बघून खूष होऊ नका, बाजूला डॉट लिहिलेलं असतं त्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी पण रबर बारा वर्षांचं असं कमी चाललेल्या कूपमध्ये सर्रास दिसतं आणि या जड, वेगवान गाड्यांना ते धोक्याचं आहे. त्यातून मालकाबद्दलही कळतं, चार चाकांना चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्त टायर असतील तर आत काय काटकसर झाली असेल ते तूच ओळख.

मग मॉडेलनुसार. बाबा, इथे मी थोडी लांबड लावणार आहे.

पोर्शे ९२८ तुमची जुनी आवड, माहितीय, १९७८ ची युरोपियन कार ऑफ द इयर वगैरे सगळं मला पाठ झालंय. गाडी खरंच भारी आहे, इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, मध्ये ट्यूबमधून जाणारा लांब शाफ्ट त्यामुळे वजन दोन्हीकडे छान वाटलं जातं, बॉडी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) आणि दारं, बॉनेट, पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे गंजाची भीती त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा कमी. पण ३२ व्हॉल्व्हच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा) तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलं. बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही तर वर्षांवरही म्हातारा होतो, त्यामुळे "अजून रनिंग कुठे झालंय" हे उत्तर चालणार नाही, बिल हवं, आणि त्यात वॉटर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) पण हवेत. ऑटोमॅटिक असेल (आणि तुम्ही ऑटोमॅटिकच घेणार, का ते खाली येतंय) तर अजून एक भानगड, त्या शाफ्टचा पुढचा क्लॅम्प सरकला की मागून क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) सतत दाब येतो आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग खलास होतं. हे चालवून कळत नाही, ज्याला ही गाडी माहितीय असा मेकॅनिक क्रँकचा एंड प्ले, म्हणजे तो पुढे-मागे किती हलतो ते, मोजतो तेव्हा कळतं. न मोजता घ्यायची नाही.

जॅग्वार एक्सजेएस, १९७५ ते १९९६. व्ही१२ इंजिनाचा आवाज तुम्हाला व्हिडिओत आवडला पण बॉनेट उघडल्यावरचा फोटोही एकदा बघा, होस आणि वायरींचा जो गुंता आहे तो सगळा त्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजलेला असतो. रेडिएटर अर्धा चोंदलेला असला आणि इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं की सिलिंडर हेडचं काम निघतं. शिवाय मागचे ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीला) चिकटून आहेत (१९९३ पासूनच्या शेवटच्या गाड्यांत बाहेर आणले), म्हणजे साध्या डिस्क बदलायच्या तर गाडीखाली तासन्‌तास. गंज बघायची जागा म्हणजे दाराखालचे सिल आणि मागच्या चाकांच्या पुढे रेडियस आर्म (मागचं चाक धरून ठेवणारा दांडा) जिथे बॉडीला जोडलाय ती, तिथे ठिगळ दिसलं, वरून ब्लॅक पेंट ताजा मारलेला दिसला तर टोचून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. मात्र हीच गाडी सहा सिलिंडरमध्येही येते, आधी ३.६ मग ४.० लिटर, इंजिनाभोवती हात घालायला जागा असते, आणि खरं सांगू का, तुमच्या वापराला ती पुरून उरेल.

बीएमडब्ल्यू ८५०, तो व्ही१२, दिसायला माझीही फेव्हरिट. पण त्यात इंजिनाचे कंप्युटर दोन, बाकी बरंच काही दोन दोन, आणि एका बाजूचं गेलं की गाडी सहा सिलिंडरवर कशीबशी चालत राहते. ८४० चा व्ही८ साधा आहे पण सुरुवातीच्या चार लिटर इंजिनात सिलिंडरला निकासिलचं कोटिंग होतं, जास्त सल्फरच्या पेट्रोलने ते खराब व्हायचं. हाच प्रकार जॅग्वार एक्सके८ च्या २००० पर्यंतच्या गाड्यांतही, वर तिथे टायमिंग चेनचे टेन्शनर प्लॅस्टिकचे, ते तडकतात. या दोन्हींना कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर दाब किती धरतो ते बघणाऱ्या) केल्याशिवाय हात लावू नका, सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास यायला हवेत, एक सिलिंडर वेगळाच बोलत असेल तर थांबायचं.

राहिली मर्सिडीज एसईसी, १९८१ ते १९९१ ची. हिच्या चेनचे प्लॅस्टिक गाइड वयाने ठिसूळ होतात, मागच्या काचेच्या कडेने गंज येतो, एवढं बघायला लागतंच. पण तिला मधला खांबच नाही, चारही काचा खाली केल्या की आरपार उघडी, आणि आई, दार लावल्यावर एक छोटा हात पुढे येतो आणि सीटबेल्ट तुझ्या हातात आणून देतो, मागे वळून खांदा दुखवायला नको. मला विचाराल तर तुम्हा दोघांसाठी लिस्टमध्ये हीच पहिली, मग सहा सिलिंडरची एक्सजेएस, आणि १२ सिलिंडरवाल्या सगळ्या बघायला छान.

(२००० नंतरच्या मोठ्या मर्सिडीज सीएल चा विषय काढू नका बाबा, तिचं हायड्रॉलिक सस्पेन्शन एकदा गळायला लागलं की पंपापासून सगळं ओळीने येतं. अ‍ॅस्टन डीबी९ पण नको. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं तुम्ही म्हणालात, लाल गंज येत नाही एवढंच, पेंटखाली फोड येतात आणि ते दाराच्या हँडलपाशी, कडांना बघायचे.)

आता गुडघे. हा विषय तुम्हाला आवडणार नाही, तरी. कूपची सीट खाली असते आणि दार लांब असतं, म्हणजे मोकळ्या जागेत आत बसणं सोपं आणि दोन गाड्यांच्या मध्ये अडकलात की अर्धवट उघडलेल्या जड दारातून तिरकं बाहेर यायचं. जाहिरातीत हे दिसत नाही. म्हणून गाडी बघायला गेलात की इंजिनाआधी हे करा, दोघांनीही बसा, उतरा, परत बसा, बाजूला भिंत आहे असं समजून अर्धंच दार उघडून उतरा. बाबांनी मान वळवून मागे बघावं, जाड मागच्या खांबामुळे किती दिसतं. आईने शेजारच्या सीटवर अर्धा तास बसावं, मोटर लावलेल्या सीटची प्रत्येक हालचाल चालते का बघावी, कारण या सीट एकदा सगळ्यात मागे जाऊन अडकल्या की तशाच. मॅन्युअल गिअर रोमँटिक वाटतो पण या गाड्यांचा क्लच जड असतो आणि ट्रॅफिकमध्ये तुमच्या डाव्या गुडघ्याला तो पहिल्याच दिवशी कळेल, म्हणून ऑटोमॅटिक. आणि ऐंशीच्या दशकातले हेडलाइट आजच्या मानाने मिणमिणतेच, रात्रीचा लांबचा ड्राइव्ह तसाही तुम्ही हल्ली टाळताच. एबीएस आणि एअरबॅग आहेत का हे मात्र प्रत्येक गाडीला वेगळं विचारा, एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे आणि ऑर्डरप्रमाणे फरक असतो.

टेस्ट ड्राइव्ह पाच मिनिटांची घ्यायची नाही. ही गाडी कशासाठी बनवलीय, लांब जायला, मग तिची परीक्षाही लांबच. आधी एकदम थंड इंजिन सुरू करा, पहिल्या काही सेकंदात चेनची खडखड येते का ऐका, धूर बघा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गोड वासाचा पांढरा आणि थांबतच नाहीये तर कूलंट. मग तास-दीड तास चालवा, एसी लावून, मग ट्रॅफिकमध्ये न्या आणि तापमानाचा काटा बघत रहा. गरम झालेली गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करा, बऱ्याच जुन्या इंजेक्शनवाल्या गाड्या नेमक्या तिथेच रडतात. एसी थंड करत नसेल तर "फक्त गॅस भरायचाय" हे वाक्य जुन्या गाड्या विकणारा प्रत्येक माणूस म्हणतो. फक्त गॅस भरायचा असता तर त्याने भरला असता ना. ऑटोमॅटिकचा गिअर पडताना झटका येतो का, आणि गिअरबॉक्स ऑइल कधी बदललं, कंपनीने "लाइफटाइम" म्हटलंय असं उत्तर आलं तर त्या गिअरबॉक्सचं लाइफ किती ते विचारा.

इन्शुरन्सचंही आधीच बघून ठेवा, जुन्या गाडीची किंमत कागदावर घसारा धरून फारच कमी निघते आणि किरकोळ ठोकर बसली तरी टोटल लॉस म्हणतात, त्यामुळे आधी ठरवलेल्या किमतीची पॉलिसी मिळते का ते विचारा. गाडी झाकलेल्या जागेत राहणार का हेही.

तर पुढचं काम असं. आई, एसईसी विकणाऱ्या माणसाला फोन तूच कर, बाबांनी केला तर दोन मिनिटांत त्यांना गाडी आवडल्याचं त्याला कळेल. बिलांचे फोटो माग, चेसिस नंबरच्या प्लेटचा फोटो, रजिस्ट्रेशनचे कागद, आणि टायरच्या कोडचे चार फोटो. सगळं आलं की मला पाठवा, मग मी त्या मॉडेलचा मेकॅनिक शोधते आणि आपण तिघं मिळून जाऊ. आणि त्याला एक नीट बजावून सांग, आम्ही पोचून बॉनेटला हात लावेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. आधीच गरम करून ठेवलेली सापडली तर गाडी न चालवता परत यायचं, बाबांसकट.

तुमची,
थोरली