‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल थोडंसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘घरबसल्या उद्योग’ हा लेख वाचला. फोटो सुरेख होते. पण ‘घरबसल्या’ हा शब्द ज्यानं काढला, त्याला एकदा ऑक्टोबरात माझ्या स्वयंपाकघरात उभं करावं असं फार वाटतं. उभंच, कारण बसायला जागा नसते. ओट्याखाली तेलाचे डबे, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली धोतरावर पसरलेले तांदूळ, आणि घरातली माणसं आठ-दहा दिवस पिठलं-भात खाऊन गप्प.

मी मिरजेत राहते. दिवाळीचा फराळ करून देते, उन्हाळ्यात कुरडया-पापड. लेखात भांडवल किती लागतं, जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर कशी करावी, कर्ज कुठून मिळतं, सगळं आलं आहे. आपल्या मालाचा दर कसा काढायचा, हे मात्र कुठंच नाही. आणि माझ्या ओळखीतल्या ज्या बायकांनी दोन-तीन वर्षांत हे काम सोडलं, त्यातल्या बहुतेक तिथंच बुडाल्या. माल चांगला होता. गिऱ्हाईकही होतं.

माझंच सांगते. 2021 च्या दिवाळीत मी चकली 240 रुपये किलोनं दिली. त्या वर्षी खाद्यतेल किती भडकलं होतं ते घराघरात आठवत असेल. माल, तेल, गॅस, दळण आणि पिशवी धरून किलोला 190 रुपये पडत होते. किलोमागे 50 रुपये सुटतात म्हणून मी खूष. भाची तेव्हा बी. कॉम.ला होती. तिनं वही बघितली आणि विचारलं, “आत्या, दहा किलोला किती दिवस लागतात गं?”

आता हे मोजायला चकली ठाऊक पाहिजे. चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभराडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, शिवाय धने-जिरे. धुऊन सावलीत वाळवायचं. मग एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. इथं घाई केली की चकलीला कच्चट वास राहतो. गार करून गिरणीत न्यायचं, आणि गिरणीवाल्याला विनवायचं की बाबा, आधी तांदळाचं किंवा हरभराडाळीचं दळण चालू असेल तर माझं त्यावर टाक, गव्हावर नको. पुढं कडकडीत मोहन, पीठ मळणं, सोऱ्या. तेल जास्त तापलं तर चकली वरून लाल होते, आत ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. दहा किलोत अर्धा किलो तरी तुकडा निघतो, तो घरातच खपतो.

हे सगळं अडीच दिवसांचं काम. म्हणजे दहा किलोचे 500 रुपये, दिवसाला 200. सोऱ्या दाबायला सासूबाई बसायच्या, त्यांची हजेरी तर कुणाच्या गावीही नव्हती. दोघींत वाटले तर शंभर-शंभर. त्या साली आमच्याकडं द्राक्षबागेत जाणाऱ्या बाईला याहून जास्त हजेरी मिळत होती, आणि ती संध्याकाळी घरी आली की तिचं काम संपत होतं. भाची म्हणाली, “आत्या, ही तुझी मजुरी आहे, तीही कमी. नफा कुठंय?” मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आणखी एक गोष्ट उघड कुणी बोलत नाही. बऱ्याच जणी घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरवरच तळण काढतात. धंद्याला तो चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो घेतला की दर वाढतो, शेजारणीचा तेवढाच राहतो आणि गिऱ्हाईक तिकडं जातं. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचंही तसंच. मी केली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, अर्ज ऑनलाइन. एजंटानं त्याचे 2000 सांगितले होते. भाचीनं एका दुपारी भरून दिला. तो 14 आकडी नंबर पाकिटावर आला की दुकानदार माल ठेवायला तयार होतो, हा माझा अनुभव.

लेखात लिज्जतचा दाखला आहे. 15 मार्च 1959, गिरगावातली गच्ची, सात बायका, उसने 80 रुपये. ही गोष्ट आता पाठ झाली आहे. पण त्या 80 रुपयांपेक्षा मला तिथली ‘वणई’, म्हणजे लाटण्याची मजुरी, मोठी वाटते. पीठ केंद्रावर मळलेलं मिळतं, बाई ते घरी नेऊन लाटते, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून देते आणि लाटण्याची मजुरी घेते. खरेदी, विक्री, उधारी, गिऱ्हाइकाची घासाघीस, यातलं काही तिच्या ओट्यावर येत नाही. आम्ही एकट्या करतो तेव्हा मळणारी, लाटणारी, विकणारी आणि वसुली करणारी एकच. आणि हिशेबात ती फक्त माल धरते, स्वतःची मजुरी नाही.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. “घरचंच तर आहे, एवढे कसे?” हे वाक्य मी दर दिवाळीला ऐकते. दुकानातल्या पाकिटावर छापलेल्या किमतीपुढं हीच माणसं हूं की चूं करत नाहीत. एकदा पंधरा किलोची ऑर्डर तळण झाल्यावर संध्याकाळी रद्द झाली, दुसरीकडं किलोला वीस रुपये कमी म्हणून. तेव्हापासून अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय मी तांदूळ भिजवत नाही. काहींना राग येतो. येऊ दे.

माझी विनंती एवढीच, की यापुढं अशी यशोगाथा छापताना त्या बाईंना उलाढालीबरोबर दिवसाची हजेरीही विचारा. आणि दिवाळीआधीच्या एखाद्या रविवारी किलोभर चकलीचा पूर्ण हिशेब छापा, त्यात हजेरीची ओळ सगळ्यात वर. वही माझी घ्या, हवी तर. 2022 पासून मी त्यात सासूबाईंची हजेरी वेगळी लिहिते. दर वाढवला तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांतली पाच गळाली. त्यातली दोन गेल्या दिवाळीत परत आली, आधी अर्धे पैसे देऊन.

आपली,
एक वाचक, मिरज