विस्टेरियाच्या बोन्सायबद्दल मुक्ताला पत्र

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र मिळालं. विस्टेरियाचं, म्हणजे लोंबत्या फुलांच्या घोसांच्या वेलीचं, बोन्साय घरी आलं आणि तुझा पहिलाच प्रश्न, फुलं कधी येणार? तुझ्या निगराणीपेक्षा ते रोप मुळात कशापासून तयार केलंय यावर ते जास्त ठरतं. त्यामुळे आधी बुंध्याशी वाकून बघ. मातीच्या थोडं वर सालीचा पोत एकदम बदललेला किंवा फुगीर सांधा दिसला तर ते कलमी रोप आहे. कलम किंवा फुलणाऱ्या वेलीची गुटी (फांदीला वेलीवरच मुळं फोडून केलेलं रोप) असेल, तर तीन-चार वर्षांत फुलांची आशा धरता येते. बियांपासून केलेलं रोप मात्र दहा-पंधरा वर्षं नुसती पानं देतं, कधी वीसही. कुणी हौसेने बिया देऊ केल्या तर घे, पण फुलांची वाट बघत बसू नकोस. सांध्याच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचा असतो. दिसल्याबरोबर मुळाशी काढ, नाहीतर तोच जोर धरतो आणि वरचं कलम मागे पडतं.

जात कोणती तेही तपासून घे. एका पानावरच्या पर्णिका, म्हणजे देठाच्या दोन्ही बाजूंची छोटी पानं, मोज. साधारण ७ ते १३ असतील तर चिनी, ११ ते १९ असतील तर जपानी. आकडा मधलाच निघाला तर वेलीचा वळसा बघ. वरून पाहिलं तर जपानी वेल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळते, चिनी उलट. चिनीचे घोस २०-३० सेंटिमीटरचे असतात आणि पानांच्या आधी जवळजवळ एकदम उमलतात. जपानीचे बरेच लांब, वरून खाली हळूहळू उमलत जाणारे. हा फरक आकार ठरवताना कामी येतो, कारण बोन्साय केल्याने पान थोडंफार लहान होतं, पण घोस होत नाही. म्हणून वीतभर उंचीच्या विस्टेरियाचा नाद करू नकोस. झाड निदान ५०-६० सेंटिमीटरचं हवं, खोड जाड, फांद्या आखूड आणि घोसांना मोकळं लोंबायला खाली जागा. फुलांच्या दिवसांत कुंडी उंच तिवईवर ठेव.

ऊन रोज किमान सहा तास हवं. घरात हे झाड जगत नाही. फुलं असताना चार दिवस दिवाणखान्यात मिरवायला हरकत नाही, एरवी बाहेर. हिवाळ्यात पानं गळून विश्रांती मिळणं त्याला आवश्यक आहे, त्यामुळे थंडीपासून फार जपायचं नाही. फक्त पारा उणे ५ अंशांच्या खाली जायला लागला की कुंडीतल्या मुळांना आडोसा दे. जमिनीतल्या मुळांना जी थंडी सोसते, ती कुंडीत चारही बाजूंनी लागते. वसंताच्या तोंडावर कळ्या फुगल्यावर उशिराचं गोठलेलं दहिवर पडलं तर त्या जळतात. अशा रात्री झाड भिंतीलगत सरकव.

पाण्याच्या बाबतीत बोन्सायचे नेहमीचे नियम थोडे बाजूला ठेवावे लागतात. पानं पूर्ण भरल्यावर हे झाड अक्षरशः घटाघटा पाणी पितं. कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालूनही पानं माना टाकत असतील, तर कुंडी दोन-तीन सेंटिमीटर पाणी असलेल्या उथळ ताटात ठेव. पण हे तेवढ्या आठवड्यांपुरतंच. ऊन उतरलं की ताट काढ आणि हिवाळ्यात माती फक्त ओलसर राहील एवढंच पाणी दे. बारमाही ताटात ठेवलं तर मुळं कुजतात आणि वर पानं पिवळी पडतात. नवशिक्या माणसाला ती तहान वाटते आणि तो आणखी पाणी ओततो.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर ती वेगळी गोष्ट. पाणी जड असलं की त्यातल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह घेता येत नाही. पावसाचं पाणी साठवून घाल आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येणाऱ्या रूपातलं लोह) बाटलीवरच्या मात्रेने दे.

आता खत. विस्टेरिया शेंगवर्गीय आहे, म्हणजे मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून नत्र तिला आपसूक मिळतं. त्यावर तू नत्राचं खत ओतलंस तर हात-हातभर वेली सुटतील आणि फुलांच्या नावाने शंख. नत्र कमी, स्फुरद आणि पालाश जास्त असलेलं खत फुलं ओसरल्यावर सुरू कर, पंधरा दिवसांनी एकदा, अर्ध्या मात्रेत. उन्हाळा संपत आला की नत्र पूर्ण बंद. फुलं असताना आणि कुंडी बदलल्यावर महिना-दीड महिना काहीच देऊ नकोस.

सगळ्यात जास्त गोंधळ छाटणीत होतो. पुढच्या वर्षीची फुलं या वर्षीच्या उन्हाळ्यातच तयार होतात, आखूड फुटव्यांच्या बुडाशी. म्हणजे हिवाळ्यात झाड नीटनेटकं दिसावं म्हणून सरसकट कात्री चालवलीस, की तुझी फुलं केराच्या टोपलीत जातात. घोस सुकले की त्यांचे देठ बुडापासून काढ. शेंगा धरू द्यायच्या नाहीत, त्या झाडाची ताकद खातात. शिवाय शेंगा आणि बिया विषारी असतात. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर पडलेली एकही शेंग राहू देऊ नकोस.

त्यानंतर लांब वेली सुटतील. त्या लगेच खुडायचा मोह होतो, पण दोनेक महिने वाढू दे. सतत खुडलं तर झाड पुन्हा पुन्हा पालवी काढण्यातच दमतं. मग प्रत्येक वेल बुडाकडची पाच-सहा पानं ठेवून काप. त्यातून नवा फुटवा आला तर तो एक-दोन पानांवर. शेवटची छाटणी हिवाळा सरताना, डोळे (फांदीवरचे न उमललेले कोंब) फुगायला लागल्यावर, दोन-तीन डोळ्यांपर्यंत. तेव्हा फरक दिसतो. फुलाचा डोळा गुबगुबीत आणि गोलसर असतो, पानाचा बारीक आणि टोकदार. ओळखू येत नसेल तर आठवडाभर थांब. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

जाड फांदी मात्र विचार करूनच काप. विस्टेरियाचं लाकूड मऊ, मोठी जखम भरून येत नाही आणि आतून कूज खोडात उतरते. जपानमधल्या आशिकागा फ्लॉवर पार्कमधली थोरली वेल १९९६ मध्ये दुसरीकडून हलवून आणली, तेव्हा खोडाला इजा होऊ नये म्हणून त्याला चक्क प्लास्टर घातलं होतं. तेव्हा नको असलेली फांदी कोवळी असतानाच काढ आणि मोठ्या कापावर जखमेचा लेप लाव. वळण द्यायची तारही कोवळ्या फांदीलाच लाव. ती भराभर जाड होते, म्हणून दर आठवड्याला बघ. तार सालीत रुतायच्या आत कापून काढ, उलगडत बसू नकोस.

कुंडी नेहमीच्या बोन्सायपेक्षा खोल घे. मातीत दोन भाग अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती), एक भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं पर्णखत घाल. कण तीन ते पाच मिलिमीटरचे ठेव आणि धूळ चाळून टाक, नाहीतर निचरा बंद होतो. दर वर्षी कुंडी बदलू नकोस. मुळं थोडी दाटलेली असताना हे झाड जास्त फुलतं. तीन वर्षांतून एकदा पुरे, तेही पाणी घातल्यावर ते वरच साचायला लागलं तर. फुलणारं झाड असेल तर फुलं संपल्याबरोबर हे काम कर. आधी केलंस तर कळ्या गळण्याचा धोका असतो. मुळं जाड, मांसल असतात. ओढून तोडली की चिरडतात आणि तिथूनच कुजतात, म्हणून धारदार कात्रीने सरळ काप आणि एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त काढू नकोस. झाड तारेने कुंडीला घट्ट बांध, हललं की नवी मुळं तुटतात.

किडींचं फार मनावर घेऊ नकोस. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने जातो. खवले कीड जुन्या टूथब्रशने खरवडून काढ. कोरड्या उन्हात पानं धुरकट आणि ठिपकेदार दिसली तर पानाच्या खाली लाल कोळी ही बारीकशी कीड शोध.

पुढच्या पत्रात बुंध्याचा जवळून काढलेला फोटो पाठव, सांधा दिसेल असा, आणि एका पूर्ण पानाचाही. ते बघून कुठली वेल कापायची आणि कुठली राखायची हे खुणा करून कळवते. तोवर कात्री लावू नकोस, पाणी तेवढं घाल.

तुझी,
वृंदा