दीपाचे उपास

कोपरखैरणे

प्रिय वैशू,

फोनच केला असता, पण आमच्या खोलीत तीन कॉट एकमेकींना चिकटून आहेत. कितीही हळू बोललं तरी सगळं ऐकू जातं, आणि विषय दीपाचा आहे. म्हणून कागद घेतला. इतके दिवस पत्र नाही म्हणून तू चिडली असशील, ते भेटल्यावर काढ. प्रकृती ठीक. मध्ये सर्दी-खोकला झाला, गेला.

डबा बंद केल्याचं तुला कळवलं होतं. मावशींनी दर वाढवले आणि आम्ही तिघींनी खोलीतच स्वयंपाक सुरू केला. सायलीला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या आणि मला भाव कळत नव्हते. सगळं उभं केलं दीपाने. गॅसचं कनेक्शन कुठून आणायचं म्हणून आम्ही डोकं धरून बसलो होतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, हे तिलाच माहीत होतं. कोपऱ्यावर एकजण चोरून गॅस भरून देतो, स्वस्तात. तिकडे तिने आम्हाला फिरकू दिलं नाही. जिवाशी खेळ नको म्हणाली. मात्र हा छोटा सिलिंडर घरच्या मोठ्यापेक्षा किलोमागे महाग पडतो. म्हणून तूरडाळ कमी आणि मसूर जास्त, कारण ती लवकर शिजते आणि बहुतेक वेळा स्वस्तही असते. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वरच्या भांड्यात भात, मधल्या फटीत बटाटे. तू बघितलंस तर हसशील, तुझ्या आत्याच्या लग्नातला आचारीसुद्धा इतकी जागा वाचवत नव्हता.

दुकानात तिच्याबरोबर गेलं की वेळ लागतो. पाकिटावर बारीक अक्षरात ग्रॅममागे किती पैसे पडतात ते छापलेलं असतं, ते ती वाचते. मोठं पाकीट स्वस्तच असणार असं मी धरून चालायचे. शॅम्पूचं उलटं निघालं. आम्ही वापरतो त्याच्या रुपयावाल्या पुड्या बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त! बिस्किटांची किंमत तीच राहते आणि वजन घटतं, हेही तिनेच दाखवलं. सायलीच्या पित्ताच्या गोळ्या आता जनऔषधीतून येतात. कांदा तुर्भ्याच्या मार्केटातून. तिथे पहाटे ट्रक लागतात, सगळा व्यवहार गोणीचा, सुटं कोण देणार? दीपाने खालच्या दोन खोल्यांतल्या मुली जमवल्या आणि पन्नास किलोची गोणी वाटून घेतली. कांदा पसरून ठेवायचा, बटाट्यापासून लांब, नाहीतर दोन्ही खराब होतात. मला तिचं फार कौतुक आहे, वैशू. माझा ठाण्याचा पाससुद्धा तिच्यामुळे सवलतीचा, तिमाही झाला. तीन महिन्यांचे पैसे महिन्याच्या पासाच्या पावणेतीनपटीच्या आसपास पडतात, आणि रांगेतलं उभं राहणं वाचतं ते वेगळंच.

आता खरी गोष्ट. महिना झाला असेल, दीपा उपास करतेय. आधी सोमवार. मग गुरुवार आला, मग शनिवार. वहीत भाजीचे पैसे वाटताना म्हणते, "आज मला धरू नका." मी म्हटलं साबुदाणा भिजवते, तर नको, पोटाला जड होतो. भगर? नको. शेंगदाण्याचा लाडू? नको. तूच सांग, उपास खरा धरायचा तर साबुदाणा, दाणे, तूप, फळं. आपल्या पोळी-भाजीपेक्षा तो महाग पडतो. काहीच न खाण्याचा उपास मात्र अगदी स्वस्त.

परवा चादरी धुवायला काढल्या. तिच्या उशीच्या अभ्र्यात पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा होता. अर्धा संपलेला, वरचा कागद नीट दुमडून त्याला केसांचं काळं रबर दोन वेढे देऊन लावलेलं. दिवस गुरुवारचा. मी तो होता तसा ठेवला, अभ्रा धुतलाच नाही, आणि गच्चीत जाऊन रडले. कारण मला तुझा कंपास आठवला. त्यातले चुरमुरे. तुझे ते सोळा सोमवार, ज्यांत मंगळवारही यायचे.

तू म्हणशील, पुन्हा तेच उकरून काढतेस. काढते. मी काकूंना जाऊन सांगितलं होतं ते मला आजही बरोबर वाटतं. तू दिवाळीपर्यंत बोलली नाहीस, माझ्या आईने दिलेला दुसरा डबा बाकावर तसाच ठेवून गेलीस, तरी बरोबरच वाटतं. मामांकडून फीचे पैसे आले ते त्यानंतरच. यावर तुला भांडायचं असेल तर भांड, पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

दीपाची शिष्यवृत्ती खात्यात आलेली नाही, एवढं तिच्या तोंडून एकदाच निघालं. तिच्या घरी फोन करून सांगण्यासारखं कोणी नाही. वडील गेले, आई दुसऱ्यांच्या शेतावर जाते. पैसे देऊ केले तर ती घेणार नाही. "राहू दे, नंतर दे" म्हटलं तर वहीत स्वतःच्या नावावर उधारी मांडेल आणि चौथा उपास धरेल. माझ्या डोक्यात असं आहे की खोलीचा एक नियम करायचा. जी बाजार करेल, गोणी ठरवेल, हिशेब ठेवेल, तिचे त्या महिन्याचे भाजी-किराण्याचे पैसे बाकीच्या दोघींनी भरायचे. काम आहे ते, वेळ जातो, पहाटे उठावं लागतं. डबेवाल्या मावशींना नाही का आपण त्याचेच पैसे देत होतो? सायली तयार आहे. ती म्हणाली, मला बाजार करायला लावलात तर सगळ्यांचं दिवाळं निघेल, दीपालाच करू दे.

पण दीपा हुशार आहे. तिला कळेल का? आणि कळलं तर तिला लाज वाटेल की बरं वाटेल? आईचा तो डबा तुला नेमका कशाने टोचला, हे मी तुला कधी विचारलं नाही. फुकट होता म्हणून? की सगळ्या वर्गासमोर दिला म्हणून? तो तू कमावलेला असता, म्हणजे माझी गणितं सोडवून दिल्याबद्दल असता, तर खाल्ला असतास का? खरं लिही. माझं मन राखायला काही लिहू नकोस.

तुझ्या बँकेच्या परीक्षेचं काय झालं? मुलाखतीचं पत्र आलं की लगेच कळव. काकूंच्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांग. आणि तो साताऱ्याचा मुलगा, त्याला हो म्हणायच्या आधी मला फोटो पाठव, मागच्या वेळेसारखं करू नकोस.

आम्ही पैसे पहिल्या रविवारी गोळा करतो. नियम त्याच दिवशी सांगायचा विचार आहे, तेव्हा त्याआधी तुझं उत्तर हवं. व्हॉट्सअॅपवर नको, माझा फोन खोलीत सगळ्याच हाताळतात. पत्रच टाक.

तुझीच,
शुभू