सगळं पाळूनही पोट दुखतं तेव्हा

सोलापूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, गव्हाचं काहीही तोंडात घालत नाही, तरी पोट फुगतं, दुखतं. मग एवढं पथ्य करून काय उपयोग?" आणि जाता जाता सांगितलंस की आता ज्वारीही सोडली, डाळीही सोडल्या, दोन्ही वेळा दहीभातावर आहेस. पोटदुखीपेक्षा मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटली. फोनवर तुझं बोलणं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून लिहायलाच बसले.

पथ्य सोडायचा विचार मनात आणू नकोस. तुझा हा सिलिॲक आजार म्हणजे नाजूक पोट नव्हे. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, आत गेलं की आपलीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. अन्न अंगी लावणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. एखाद्या वेळी गहू खाऊन काही दुखलं नाही, तरी आतली झीज होतच असते. हे कळायलाही फार काळ लागला. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे ब्रेड मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना या आजाराची मुलं मात्र सुधारत होती, आणि ब्रेड परत मिळू लागल्यावर पुन्हा आजारी पडली, हे त्यांनी हेरलं. त्याआधी कित्येक आयांनी लेकरं खंगताना पाहिली असतील आणि त्यांना कारणही कळलं नसेल. आपल्याला कारण माहीत आहे, हे मी रोज देवाचे आभार मानून आठवते.

पण पथ्य पाळूनही पोट दुखत असेल तर त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. दुखलं की आणखी एक पदार्थ सोडायचा, हा उपाय नाही. असं सोडत गेलीस तर ताटात उरेल काय?

आधी लपून येणारा गहू शोधू. मेसच्या काकू तुझ्यासाठी मुद्दाम भाकरी करतात, त्यांचे उपकार आहेत. पण फोडणीतला हिंग बघितलास का? शुद्ध हिंग इतका उग्र असतो की बाजारातल्या डबीत तो डिंक आणि पीठ मिसळून येतो, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. आपल्याकडे आमटी, भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, कशातच हिंगावाचून चालत नाही. म्हणजे चिमूटभर का होईना, रोज जातोय. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, त्याची डबी पाठवते. काकूंना सगळ्यांसाठी तोच वापरायला सांग. नाही जमलं तर तुझी आमटी फोडणीआधी काढून ठेवायला सांग आणि वर नुसती जिरं-कढीपत्त्याची फोडणी घाल म्हणावं. तव्याचंही विचार. पोळ्या झाल्यावर त्याच तव्यावर तुझी भाकरी पडत असेल, तर पोळीला लावलेलं पीठ तिला चिकटणारच. तुझी भाकरी आधी होऊ दे, तवा स्वच्छ घासलेला असताना. हे मागताना संकोच करू नकोस. हे लाड नाहीत, हे तुझं औषध आहे.

आणि मेतकूट! पोट बिघडलं की जो तो मऊभात आणि मेतकूट सांगतो. पण मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहूही भाजून घालतात. आत्याने प्रेमाने दिलेली पुडी अजून कपाटात असेल तर मैत्रिणींना देऊन टाक. सातूचं पीठ आणि थालीपिठाची भाजणीही तशीच; भाजणी गव्हाशिवाय घरी केली असेल तरच खा. गिरणीतली ज्वारीही नको, कारण आधी दळलेल्या गव्हाचं पीठ जात्यात उरलेलं असतं. आपण घरघंटी घेतली ती याचसाठी. पुण्यात पीठ घ्यायची वेळ आलीच तर ग्लुटेन-फ्री छापलेलं घे. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

हे सगळं तपासूनही फुगतच असेल, तर दूध बघ. सकाळी घाईत पेलाभर दूध पिऊन निघतेस ना? दुधातली साखर पचवणारा पाचकरस त्याच उंचवट्यांच्या टोकांवर तयार होतो. ते झिजलेले असतील तर दूध पचत नाही, काही तासांत पोट गुडगुडतं, जुलाबही होतात. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा चालतं. तोवर पेलाभर दूध बंद ठेव. दही-ताक सोसत असेल तर ते सोडायचं कारण नाही.

आता ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नसतं, तेव्हा फुगलं ते त्याने नव्हे. पोळीवरून एकदम दोन्ही वेळा भाकरी, वर मटकीची उसळ आणि कच्चा कांदा, एवढा चोथा थकलेल्या पोटाला झेपत नाही. तो मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि वायू होतो. म्हणून काही दिवस दुपारी अर्धी भाकरी, रात्री भात आणि मुगाचं वरण असं खा, मग हळूहळू वाढव. उसळ भिजवून, मऊ शिजवून, आणि वाटीभरच. पाणी भरपूर पी. नुसता भात, साबुदाणा आणि ती पाकिटातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं यांत चोथा जवळजवळ नाहीच. त्यावर राहिलीस तर उलट बद्धकोष्ठ होईल आणि पुन्हा पोट दुखेल. मग त्याचा दोष कशाला देशील?

एक मात्र तू सांगितलं नाहीस, मी अंदाज करते. दुखणं वाढलं ते लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यानंतरच ना? त्यांनी मळमळतं, शौचाला घट्ट आणि काळं होतं. स्वतःहून बंद करू नकोस, हिमोग्लोबिन वर यायला हवं. डॉक्टरांना सांगितलंस तर गोळी किंवा मात्रा बदलून देतील. चहा-दुधाबरोबर घेऊ नकोस, लिंबू-पाण्याबरोबर घे.

एक छोटी वही कर. काय खाल्लं, कुठे खाल्लं, कधी दुखलं, एवढंच लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, तीही आठवडाभर. सगळं एकदम बदललं की कशाने बरं वाटलं तेच कळत नाही.

शौचातून रक्त पडलं, ताप आला, उलट्या थांबेनात, वजन उतरू लागलं किंवा रात्री दुखण्याने जाग आली, तर वहीत लिहीत बसू नकोस. लगेच डॉक्टरांकडे जा आणि जाता जाता मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. जुलाब सुरू झाले तर ओआरएस पीत राहा, मनाने गोळ्या घेऊ नकोस.

रक्ताची टीटीजी, म्हणजे सिलिॲकची, तपासणीही परत करून घ्यायची आहे. लपलेला गहू जात असेल तर बहुधा त्या आकड्यातून कळतं. आकडा उतरतोय आणि तरी दुखतंय, तर दूध, चोथा, गोळ्या यांच्याकडे बघायचं. मोठ्या वयात आतडं पूर्ण भरून यायला दोन-दोन वर्षंही लागतात, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं.

रविवारी बाबा येताहेत. घरघंटीवर दळलेलं मालदांडी ज्वारीचं पीठ, हिंगाची डबी, आणि मी केलेल्या कडक भाकरी देते, त्या टिकतात. शेंगाचटणी उखळात कुटली आहे, तिखट बेताचं आहे. सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जायचं आहे, वेळ घेतली आहे. वही आणि जुने रिपोर्ट काढून ठेव. आणि आज रात्री भाताबरोबर वाटीभर मुगाचं वरण घे.

तुझी,
आई