काका, तो खडूचा गोल अजून पुसलेला नाही

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री गाडीच्या डिकीतला डावीकडचा पत्र्याचा तुकडा कायमचा बसला. शेवटचा टाका मारला, वेल्डिंगचं हेल्मेट वर केलं आणि आधी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. ती घडीची हिरवी खुर्ची अजून गॅरेजच्या दाराशीच आहे. तुम्ही ऑक्टोबरात पुण्याला परत गेलात तरी मला ती उचलवलेली नाही. त्याच खुर्चीत बसले आणि खूप रडले. हे फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहिते आहे. सूनबाई वाचून दाखवीन म्हणाल्या आहेत. उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांना गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ही 1969ची एएमसी, म्हणजे अमेरिकन मोटर्स कंपनीची, जॅव्हलिन आहे, 343 घनइंचाचं, म्हणजे 5.6 लिटरचं व्ही-8 इंजिन असलेली. आमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या, विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा शहरात ती बनली. समोरच्या घरातल्या आजोबांची उमेदीची वर्षं त्याच कारखान्यात गेली. कितीतरी रविवार मी त्यांच्याबरोबर याच गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहिले आहे. ते गेल्यावर आजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "विकून टाक" असं त्या म्हणाल्या नाहीत, "चालू कर" म्हणाल्या.

फोर्डची मस्टँग असती तर काम सोपं होतं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाख मस्टँग बनल्या होत्या, त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा नवा, खोक्यात घालून घरपोच येतो. जॅव्हलिन 1969 साली जेमतेम चाळीस हजार निघाल्या. 1971 आणि 1972, लागोपाठ दोन वर्षं ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींचं अजिंक्यपद याच नावाच्या गाडीनं मिळवलं, तरी कंपनी फार काळ टिकली नाही. 1987 साली क्रायस्लरनं ती विकत घेतली. इतक्या थोड्या गाड्यांसाठी साचे कोण बनवणार? आणि विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं डिकीची जमीन आणि मागच्या चाकामागचा पत्रा पार खाऊन टाकला होता.

आधी मी गाडी एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये दिली. नाव घेत नाही. गाडी माझी, प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं मात्र माझ्या नवऱ्याकडे बघून यायची. चौदा महिने गाडी त्यांच्याकडे पडून होती. पैसे तीन वेळा वाढवून घेतले. परत आली तेव्हा रंग असा चकाकत होता की आजींनी हात जोडले. मला आजही सगळ्यात जास्त राग त्याच गोष्टीचा येतो. पैशांचं दुःख मी कधीच गिळलं. पण एका म्हाताऱ्या बाईनं विश्वासानं हात जोडले, आणि ज्याच्यासमोर जोडले तो पत्रा नव्हताच.

ते तुम्ही दाखवलंत. जूनमधली संध्याकाळ होती. तुम्ही आणि काकू फिरायला निघाला होतात. गॅरेज उघडं दिसलं म्हणून थांबलात, मराठी ऐकून आत आलात. मी कौतुकानं गाडी दाखवत होते आणि तुम्ही काही न बोलता चाकामागच्या पत्र्यावर तळहात फिरवत होतात. मग विचारलंत, "घरात फ्रिजवर लावायचं चुंबक आहे का?" मी गणपतीचं आणलं. दारावर ते खटकन चिकटलं. चाकामागे लावलं तर घसरून खाली आलं. तुम्ही ते चटकन वरच्यावर झेललंत, कपाळाला लावलंत आणि म्हणालात, "पोरी, इथे लोखंड नाही. पुट्टी आहे सगळी." खरवडून पाहिलं तर आत फायबरचं कापड आणि त्याच्या मागे तसाच गंज.

तुमचा जन्म कसब्यातल्या तांबट आळीतला. वडिलांच्या हाताखाली माठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवायचं काम, करत वाढलात आणि पुढे चाळीस वर्षं गॅरेजमध्ये डेंटर, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारे, होतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही स्वतःहून सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आलात आणि विचारलंत, "पुठ्ठा आहे का? कात्री आण." आमची सुरुवात पुठ्ठ्यापासून झाली. मग मेपलच्या लाकडाचा साचा, मग 1.2 मिलिमीटरचा पत्रा.

सगळं काही इथे लिहीत बसत नाही. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. डिकीची जमीन जिथे बाजूच्या पत्र्याला मिळते तिथल्या तुकड्याला बाहेरून गोलाई आहे आणि त्या गोलाईवर काठ दुमडायचा आहे. मी ठोकत होते आणि काठाच्या लाटा होत होत्या. तुम्ही म्हणालात, "मोदकाची पारी आठव. घेर मोठा, तोंड लहान. कळ्या पाडल्याशिवाय ते मिटेल कसं? इथेही जास्तीचा पत्रा आहे, त्याला जायला जागा नाही. आधी कळ्या पाड, मग एकेक कळी हळूहळू आत जिरव. हंड्याचा घेर गळ्याकडे असाच आवळत आणतात." इंग्रजीत मी यावर किती वाचलं होतं, किती व्हिडिओ पाहिले होते! समजलं मात्र त्या क्षणी, आईच्या स्वयंपाकघरातल्या शब्दांत.

समजलं, तरी हाताला यायला वेळ लागला. पहिला तुकडा फाटला. दुसरा पिळला. तिसऱ्यावर मी चार दिवस घालवले आणि साच्यावरून काढला तर एका टोकाला अर्धा इंच वर. मी तो भंगाराच्या पिंपात फेकला, तुमच्यासमोर. आवाज फार मोठा झाला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, चष्मा पुसलात आणि घरी गेलात. तुम्हाला राग आला असं मला वाटलं. रात्री झोप लागली नाही.

सकाळी सहाला गॅरेजमध्ये गेले तर तो तुकडा टेबलावर होता. पुसलेला. काठाच्या चार बोटं भागाभोवती खडूनं गोल काढला होता आणि शेजारी तुमच्या त्या तिरप्या अक्षरात एकच शब्द होता: "बरोबर".

बाजूच्या दाराची किल्ली कुठे असते ते तुम्हाला ठाऊक होतं. रात्री कधीतरी येऊन, पिंपातल्या धारदार कातरणांत हात घालून तुम्ही तो काढला होतात. पूर्ण वाया गेलेल्या तुकड्यात बरोबर आलेली चार बोटं शोधली होतीत. चुका तर मलाही दिसत होत्या. बरोबर काय आलं आहे ते मला कोणी दाखवलं नव्हतं. त्या चार बोटांवरून मी अंगठा फिरवत बसले. हाताला कळलं की हातोडी इथे कशी पडली होती. पाचवा तुकडा साच्यावर चपखल बसला.

तो वर्कशॉपवाला फार मोठा कारागीर असेल. त्याच्याकडे यंत्रं होती, माणसं होती, भिंतीवर बक्षिसं होती. तुम्ही सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेला पाहुणा माणूस, तुमच्याजवळ इथे स्वतःची हातोडीसुद्धा नव्हती. त्यानं जे कुणालाच दिसणार नाही ते झाकलं. तुम्ही मात्र कुणालाच न दिसणारा काठ माझ्याकडून पाच वेळा करून घेतलात, कारण तो बरोबर असायला हवा होता. अशी माणसं प्रत्येक आळीत, प्रत्येक गॅरेजात असतात आणि त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. मी पैशांचा विषय काढला तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यांना विचारू नकोस, त्यांना वाईट वाटेल." तुम्ही निघताना मी फक्त नमस्कार केला. त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नव्हता. आज म्हणते: काका, मी तुमची फार ऋणी आहे.

आजी रविवारी येऊन पाहून गेल्या. मी त्यांच्या हातात चुंबक दिलं. त्यांनी ते चाकामागे लावलं, चिकटलं, तरी बराच वेळ वरून हात काढला नाही.

तिसरा तुकडा भिंतीवर टांगला आहे, खडूला मी कुणाला हात लावू देत नाही. उजव्या बाजूचं काम काल सुरू केलं. तोच साचा उलटा धरला आहे. सहा कळ्या पडल्या, चार जिरल्या, पाचवी काठाशी हट्ट करते आहे. उद्या फोटो पाठवते. कुठे बरोबर आलं आहे तेवढं आधी सांगा.

तुमची,
समोरच्या गॅरेजातली पोर